भिंतीतली बुजवलेली भोकं

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि सगळ्यात आधी स्वतःवर तापतं. वर्दी मी लवकर उतरवली. आता घर घेणाऱ्यांना सावध करणारी पत्रकं वाटत फिरतो. तेव्हा मात्र हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

जूनमधली सकाळ होती. साखरा गावचा एक शेतकरी अर्ज घेऊन आला. तक्रार सख्ख्या साडूविरुद्ध. पुसेगावच्या या साडूनं समुद्रकाठच्या शहरातला आपला तळमजल्यावरचा फ्लॅट त्याला विकला होता. शेतकऱ्याची मुलगी तिथल्या दवाखान्यात नर्स. ती राहायला गेली आणि शेजारणीकडून तिला कळलं की दर पावसाळ्यात या घरात पाणी भरतं.

"साडूला ठाऊक असून त्यानं लपवलं साहेब," तो म्हणाला. "एकच पोरगी हाय मला. रातपाळी करती, दिवसा खाली गादी टाकून झोपती."

मी काय केलं? मनात म्हटलं, समुद्राजवळ घर आहे आणि वर रडतो! मी सरकारी क्वार्टरमध्ये गळक्या छताखाली घमेली मांडत होतो. "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा," असं त्याला ऐकवलं आणि अर्ज ट्रेमध्ये टाकला. पाच दिवस हात लावला नाही. कामाचा बोजा वगैरे काही नव्हता. जळत होतो, बस्स.

सहाव्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. साडूचीच बायको, म्हणजे त्या मुलीची मावशी.

"आमच्या ह्यांना सगळं ठाऊक हाय, साहेब. मी सांगितलं म्हणू नका, न्हाईतर घरात तकलीफ व्हईन. पण विकायच्या आधी भिंती काहून रंगवल्या, तेवढं इचारा. बहिणीचं लेकरू तिथं एकटं हाय."

स्टेशन डायरीत नोंद केली, बाईचं नाव टाळलं, आणि साडूला बोलावलं. आला तो इस्त्रीच्या शर्टात, एकदम निवांत.

"घराजवळ नदी आहे?" मी विचारलं.

"न्हाई."

"ओढा, नाला?"

"काहीच न्हाई. मग पूर काय आभाळातून येईन?"

मला पटलं. आपल्या भागात पूर म्हणजे कयाधू नदीनं पात्र सोडणं. नदी दिसली नाही की आपली माणसं निर्धास्त. फिर्यादीनंही घर बघताना एवढंच बघितलं होतं, तेही एप्रिलच्या उन्हात. समुद्र तर लांब, चालत पंधरा मिनिटांवर.

जबाब लिहून सही घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात अर्जाला जोडलेल्या फोटोंवर नजर गेली. प्रत्येक खोलीत प्लग छातीएवढ्या उंचीवर. खाली, जिथं ते असायला हवेत तिथं, लांबी भरून बुजवलेल्या भोकांचे गोल डाग. नव्या रंगातूनही दिसत होते.

"प्लग वर का चढवले?"

"लहान लेकरं बोटं घालतात साहेब."

"कुणाची लेकरं? तुमची तर कॉलेजात आहेत."

पाणी मागितलं त्यानं. प्यायला. मग एकदम उसळला.

"व्हय, ठाऊक होतं मला! पण वर्षभर कोण मागं लागलं होतं? मी घर घेतलं तेव्हा तोच चहा पिता पिता म्हणला, 'दोन खोल्यांचं एवढं काय मिरवता साडूभाऊ?' अन् दुसऱ्या दिवसापासून मलाच द्या, मलाच द्या! त्याची बारमाही विहीर, त्याची नोकरीवाली पोरगी, अन् आता माझं घरबी त्यालाच पायजे. म्हटलं घे बाबा. काढ एक पावसाळा."

"पाणी येतं कुठून?"

"गटारातून. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी असती. त्यात वरून पाऊस आला का पाण्याला समुद्रात जायला जागाच न्हाई, उलटं घरात चढतं."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अमावस्या परवा होती.

"फोन लावा पोरीला. इथं, माझ्यासमोर. आणि स्पीकर लावा."

मुलगी झोपेतून उठली असावी. "काका? तुमी? मावशी बरी हाय ना?"

"बाई," तो म्हणाला, "आजच सामान बांध. मैत्रिणीकडं जा. मी... मला सांगायला पायजे होतं."

ती म्हणाली, "भांडण बाबांशी होतं ना काका? मी काय केलं होतं?"

साडूनं फोन ठेवला. मुलगी त्याच दिवशी बाहेर पडली. अमावस्येला पाणी त्या डागांच्या वर गेलं. गुन्हा दाखल होणार हे दिसताच साडूनं व्यवहार उलटवला, घर परत घेतलं. वरिष्ठ म्हणाले, छान मिटलं.

काय मिटलं? यातून मी एवढंच शिकलो की माणूस हेव्यापायी घर घेतो, हेव्यापायी विकतो, आणि हेव्यापायीच फौजदार अर्ज दाबून ठेवतो. दाराशी पाणी किती चढतं, हे खरेदीखतात लिहायला कुणी सांगत नाही, म्हणून हे चालतं! घर घ्यायचंय ना? ऐन पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या दिवशी जाऊन बघा. विकणाऱ्याला नाही, शेजारणीला विचारा. प्लग कुठं आहेत ते बघा.

पुढच्या उन्हाळ्यात कानावर आलं, साडूनं पुन्हा रंग मारून तेच घर विकलं, आपल्याच जिल्ह्यातल्या कुणाला तरी. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: कोण हा नशीबवान, समुद्राजवळ घर घेणारा? राग त्यानंतर आला.