डावा हात, उजवा हात

कंधारजवळच्या आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा सगळी पोरं हात वर करायची. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी त्यांचा शिक्षक, फक्त उजव्या हातांना उठवायचो. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मुख्याध्यापक म्हणायचे. ही युक्ती माझीच होती आणि मला तिचा अभिमानही होता. आज लाज वाटते.

सातवीत एक मुलगी होती. वडिलांचं गावात शिलाईचं दुकान. सवय राहावी म्हणून रोजच्या तासालाही हात तसेच वर व्हायचे; इंग्रजीला तिचा कायम डावा. नाम कोणतं, क्रियापद कोणतं, कॉमा कुठं, सगळ्याला डावा. शाळा सातवीपर्यंतच. वडिलांनी मला सांगून ठेवलं होतं, "नांदेडला तिच्या फुफीकडं, माझ्या भैनीकडं ठेवतो सर, इंग्रजी जमत असंल तर. न्हाई तर घरीच बसंल, शिलाई शिकंल."

त्या वर्षी तपासणीच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. तिचे वडील मागच्या बाकावर अवघडून बसले होते. साहेबांनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं, 'मदर व्हेअर आर यू गोइंग', एकही चिन्ह न देता. म्हणाले, "यात चिन्हं कोण भरेल? उठवा कुणाला तरी."

सगळे हात वर गेले. तिचा उजवा होता. मला वाटलं, पोरगी घाबरून हात चुकली. साहेबांपुढं फजिती नको म्हणून मी नेहमीच्या हुशार पोराला उठवलं. तिचा हात बराच वेळ तसाच वर होता.

साहेब गेल्यावर वडील जवळ आले. "सर, पोरीनं हात वर केलता. तुमी इचारलं न्हाई. तिला येत न्हाई का?"

मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "कच्ची आहे अजून."

वडिलांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले. ती मात्र वर्गातच थांबली होती. तिनं फळा पुसून तेच वाक्य पुन्हा लिहिलं. 'मदर'पुढं कॉमा दिला, शेवटी प्रश्नचिन्ह काढलं. क्रियापदाखाली रेघही ओढली. सगळं बरोबर. मला म्हणाली, "सर, मी घरी रोज करून राहिले होते." मग दप्तर उचलून वडिलांच्या मागं गेली.

मी तेव्हाच धावत जाऊन त्यांना गाठायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर हातांचंही सांगावं लागलं असतं. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत परीक्षा आली.

निकाल लागला. बाकीच्यांचे पुढच्या शाळेसाठीचे दाखले पालक येऊन घेऊन गेले. तिचा मी माझ्या हातानं लिहून ठेवला होता. तो अजून शाळेच्या कपाटात आहे.