देवानं नको म्हटलेला बोकड

त्या पावसाळ्यात माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. थोरली लेक अनू बारावी झाली होती. आमचं घर मेंढरा-बकऱ्यांचं. एका साली रोग आला आणि डॉक्टर येईपर्यंत निम्मा कळप डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून पोरीनं एकच धरलं, मी जनावरांची डॉक्टर होणार. त्याचं कॉलेज परभणीला. जागा मोजक्या, आणि सगळीकडची हुशार पोरं तिथं तुटून पडलेली.

निकाल लागला. मार्क चांगले होते, पण ते पुरतील का, हे आम्हा अडाण्यांना काय कळणार? तिला घेऊन हिंगोलीला तिच्या सरांकडं गेले. सरांनी मार्क पाहिले, मागच्या वर्षी नंबर कुठवर लागले ते आठवून पाहिलं आणि कपाळ चोळत म्हणाले, "वेटिंगला नाव येईल. पण आत जाणं अवघड आहे, बाई. आशा ठेवू नका." माणूस भला होता, खोटं बोलला नाही. परतीच्या एसटीत आमचं कळमनुरी येईपर्यंत अनू खिडकीकडं तोंड करून बसली.

झालंही तसंच. नाव वेटिंगला आलं, आणि राहिलेल्या जागा भरायच्या दिवशी परभणीला हजर राहा म्हणून बोलावणं आलं. आमचे मालक म्हणाले, "माणसाला इचारून झालं. आता देवाला इचारू."

आमच्यात नवसाचा बोकड शिवेवरच्या म्हसोबापुढं उभा करतात आणि त्याच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं, की देवाला नवस मान्य. मालकांनी कळपातला सगळ्यात देखणा बोकड नेला. "पोरीचा नंबर लागू दे, हा तुझा," म्हणून पाणी शिंपडलं. बोकड ढिम्म. परत शिंपडलं, कानात ओतलं. एरवी चार थेंब पडले तरी गोठा डोक्यावर घेणारं जनावर ते, त्या दिवशी कानसुद्धा हलवला नाही! मालकांचं तोंड उतरलं. "झालं. देवच न्हाई म्हणला. आता परभणीला जायचं न्हाई. त्याच्या इरोधात मी पाऊल टाकणार न्हाई."

अनू भांडली नाही. भांडली असती, आदळआपट केली असती, तर बरं वाटलं असतं. तिनं पुस्तकं फडक्यात बांधून वर टाकली आणि बकऱ्या घेऊन रानात जायला लागली. ताटातलं तसंच ठेवून उठायची. सरांनी नाही म्हटलं, देवानं नाही म्हटलं, आता कुणाच्या पाया पडायचं?

परभणीच्या बोलावण्याच्या आदल्या दिवशी राहवलं नाही. एकटीच म्हसोबाकडं गेले, पण हात काही जोडले नाहीत. "डोळ्यात शेंदूर गेला होता काय रे तुझ्या, मेल्या? माझ्या लेकराचं वाटोळं केलंस!" म्हणून तिथंच बसून मोठ्यानं रडले. मागून आवाज आला, "काहून रडून राहिलीस, बाई? पाणी हाय का घोटभर?" एक अनोळखी म्हातारी उभी होती, लेकीच्या गावाला निघालेली. पाणी देता देता तिला सगळं सांगितलं. ती चक्क हसली.

"अगं येडे, बोकडानं अंग झाडलं न्हाई म्हंजे देवाला बोकड नको. पोरगी शिकायला नको, असं कुठं म्हणला तो? आपण कुणाच्या घरी भूक न्हाई म्हणलं, त काय भांडण झालं व्हय? फुकट देणाऱ्याला तुमी लाच दाखवून राहिले. जा की पोरीला घेऊन. न्हाई भेटलं त न्हाई भेटलं."

म्हातारी पदर सावरून वाटेला लागली. तिचं नावगाव विचारायचं मला सुचलंच नाही. नंबर लागेल असं तेव्हाही मुळीच वाटलं नाही. पण दार देवानं लावलेलं नाही, आपणच लावून बसलोय, एवढं मात्र कळलं. घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारी बराबर बोलली. अनू, पिशवी भर."

परभणीला ही गर्दी! जागा भरत गेल्या. दुपारनंतर एकच जागा उरली, आणि अनूच्या वर अजून एका मुलीचं नाव होतं. साहेबांनी ते पुकारलं. मी डोळे मिटले. देवाला म्हटलं, आता मागत नाही, तू देशील ते. साहेबांनी पुन्हा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. कुणी उठलं नाही. मग अनूचं नाव आलं. ती तशीच बसून राहिली, तिला मी ढकललं तेव्हा उठली.

बोकड आम्ही कापला नाही. देवाला नको तो आम्हाला तरी कशाला? अनू डॉक्टर होऊन आता बरीच वर्षं झाली. देवाचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या दिवशी येताना एसटीत अनू रडत होती, म्हणाली, "आई, ती वरच्या नंबरची पोरगी काहून आली नसंल गं?" तिच्याही घरी कुणी मार्क बघून आशा ठेवू नका म्हणालं असेल, आणि बापानं ऐकलं असेल. तिचं नाव मी तेवढं तीनदाच ऐकलं. रोज दिवा लावताना आधी तिच्यासाठी हात जोडते, मग माझ्या लेकीसाठी.