सतरा नंबरची वाट पाहताना

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. असे अनुभव लिहिणाऱ्यांची भक्ती जुनी असते, आयुष्य पाहिलेलं असतं. मी अजून शिकतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई निपाणीत विड्या वळते. भक्तीचं म्हणाल तर देवापुढे हात जोडायचो, पण आत काही हलायचं नाही. तेव्हा लिहिताना काही चुकलं तर वाचकांनी पोटात घालावं, ही विनंती.

शिकायला मी बेळगावात, वडगावला आत्याच्या मुलाकडे राहतो. त्यांना मी अण्णा म्हणतो. घरातल्या दोन मागांपासून सुरुवात करून त्यांनी साड्यांचा मोठा कारखाना उभा केला. सगळं सुरळीत चाललेलं असताना, चाळिशी ओलांडल्यावर, ते एक दिवस सकाळी उठून चालायला लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माग चालत्यात, माणसं पळत्यात, माल पार दिल्लीला जातोय. मीच तेवढा खुर्चीत बसलोय की रं." चालण्याचं पळणं झालं. आधी काकतीपर्यंत, मग बेळगुंदीच्या बाजूला, आणि पुढे डोंगरातल्या शंभर-शंभर किलोमीटरच्या शर्यती. गल्लीत चेष्टा व्हायची. शेजारचे आप्पा म्हणायचे, "गाडी नव्हती तवा चालत हुता. आता दारात दोन हायत, तर पळत सुटलाय!" अण्णा पळता पळताच उत्तर द्यायचे, "तुमी गाडीतनं या आप्पा, मी फुडं जाऊन चहा सांगतो."

पण गेल्या उन्हाळ्यात ते अनगोळच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडले. अंगातलं पाणी आटलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर किडनी बंद पडेल, जिवावर बेतेल. म्हणून सौंदत्तीकडच्या डोंगरात शर्यत ठरली तेव्हा वहिनींनी मला सोबत धाडलं. निघताना म्हणाल्या, "त्यो जिंकू दे न्हाय तर हरू दे, मला काय न्हाय. माणूस तेवढा परत आण." मी होय म्हणालो. एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्यावर सोपवण्याची ती पहिलीच वेळ होती.

शर्यत जिथे संपायची तिथे एका शाळेच्या पटांगणात मंडप होता. मी तिथे थांबलो होतो. ऊन असं होतं की मंडपाचे लोखंडी खांब हातात धरवत नव्हते. दुपार कलली, पुढचे लोक येऊन गेले, पण अण्णांचा पत्ता नाही. आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, सतरा नंबरवाला चिंचेखाली बसलाय, उलट्या होतायत. सतरा नंबर अण्णांचा. मंडपात माझ्याच वयाची एक मुलगी वायरलेस घेऊन बसली होती. डोंगरापलीकडच्या शेवटच्या पाण्याच्या ठिकाणावरून तिला निरोप यायचे, सगळे कन्नडमधून. मी मराठी शाळेत शिकलेलो. सीमाभागात राहूनही माझं कन्नड बाजारातल्या आकड्यांपुरतंच, हे सांगायला लाज वाटते.

एवढ्यात खरखर झाली आणि आवाज आला, "हदिनेळु... बंद." हदिनेळु म्हणजे सतरा, हे मला कळलं. आणि बंद हा तर आपलाच शब्द. माग बंद, दिवा बंद. डॉक्टरांनीही तोच शब्द वापरला होता. त्या मुलीने माझ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं, पण ते ऐकायला मी थांबलोच नाही. मंडपाबाहेर पळालो. वहिनींना फोन लावला तर रेंज नाही. कुणीतरी मागे म्हणालं होतं, टेकडीवर रेंज येते. मी धावत चढलो.

वर यल्लम्माचं लहानसं देऊळ होतं. फोनवर रेंजची एक काडी दिसली. वहिनींच्या नावावर बोट टेकवलं, आणि तेवढ्यात ती काडीही गेली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी पायरीवर बसलो आणि बराच वेळ रडलो. देवीला म्हणालो, आई, मला नीट मागताही येत नाही, तुला दिसतंय ते तूच बघ.

देवळात एक म्हातारी बाई झाडत होती. ती जवळ आली. "का रडतोस रं लेकरा?" मी कसंबसं सांगितलं, वायरलेसवर कन्नडमध्ये अण्णांच्या नंबरापुढे 'बंद' म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसलीच. "अरं खुळ्या! कन्नडात बंद म्हंजी आला! त्यो आला म्हणत्यात, आन् तू हितं रडत बसलायस व्हय?" मी उठलो, तशी ती थांबवून म्हणाली, "पर मी काय सोता ऐकलं न्हाय बाबा. खाली जाऊन इचार. आन् जे असंल ते आईवर सोड." तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला.

टेकडी उतरताना माझ्या मनात एकच शब्द होता, आणि तो कोणत्या भाषेतला, हे मला ठाऊक नव्हतं. एका भाषेत अण्णा होते, दुसरीत नव्हते. मी देवीशी काही घासाघीस केली नाही, नवस बोललो नाही. जो अर्थ ती देईल तो घ्यायचा, एवढंच ठरलं, आणि मी भराभर उतरत गेलो. डोंगरात रेंज जातेच. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. पण त्या क्षणी ती राहिली असती, तर वहिनींच्या कानात मी काय ओतलं असतं, हे आठवलं की आज माझे हात आपोआप जोडले जातात. शिकलेल्या माणसालाही कधी कधी शब्दाचा अर्थ लावायची घाई न करता थांबावं लागतं, हे मला त्या बाईने, आणि तिच्या यल्लम्मा आईने, शिकवलं. मी दोघींचाही ऋणी आहे.

पटांगणाच्या फाटकातच ती वायरलेसवाली मुलगी मला शोधत आली. मोडक्यातोडक्या मराठीत रागावूनच म्हणाली, "कुठं गेलता तुमी? मी सांगतोय, तुमी पळताय! सतरा नंबर आलेत. टाइम संपल्यावर आलेत, मेडल न्हाय. डॉक्टर बघितलेत, बरं हाय म्हणालेत. तिकडं सावलीत बसून ताक मागतायत."