जुनेरांचं छत

कुठल्याही परक्या घरी निजायची वेळ आली की मी आधी वर बघते. सुना हसतात. हसू देत. त्यांच्या डोक्यावर गवताचं छप्पर कधी नव्हतं, आणि त्या छपराखाली माझं तान्हं मूल निजलेलं त्यांनी बघितलेलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात मी महाडहून माहेरी आले. महाड ते पोलादपूर नवी नवी सर्व्हिस मोटार सुरू झाली होती, तिच्यातून आले, आणि पुढे डोंगरातल्या आमच्या वाडीपर्यंत चालत. नवरा मुंबईला गिरणीत. माहेरचं घर गवताने शाकारलेलं. लहानपणी त्याच छपराखाली मी बिनघोर झोपत होते, पण आता पोटात मूल होतं आणि मला त्या छपराची भीती वाटायला लागली. वरून रोज काहीतरी पडायचं. काजळी पडायची, वाळवीची माती पडायची, एकदा तर ताटाशेजारी गोम पडली. हे मेलं माझ्या पोराच्या तोंडावर पडलं तर, एवढा एकच विचार दिवसभर डोक्यात.

महाडला आमच्या आळीत एका वकिलांकडे हळदीकुंकवाला गेले होते, तिथे दिवाणखान्यात मी छत बघितलं होतं. पांढरंशुभ्र कापड वाशांखाली ताणून बांधलेलं आणि कडेने लाल झालर. वरचा केर म्हणून खाली येत नव्हता, आणि खोली कशी लग्नघरासारखी दिसत होती! नवं कापड घ्यायची आमची ऐपत कुठली? पण घरात जुनेरांना काय तोटा? लुगडं विरतं ते मधे, काठ शेवटपर्यंत धड राहतात. मी आईची आणि काकूची जुनेरं फाडली, विरलेलं काढून टाकलं, वडिलांच्या जुन्या धोतराचे पट्टे मधे घातले आणि धावदोऱ्याने सगळं जोडलं. काठांची झालर केली, लाल मिळाली तिथे लाल, हिरवी मिळाली तिथे हिरवी. ओटीत आलेले खण जोडून दाराला पडदा केला.

आईला हे बिलकूल पसंत नव्हतं. माझी आई वाघाला भ्यायची नाही, पण लांबड्याला भ्यायची. साप हे त्याचं खरं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही. रोज तिन्हीसांजेला चिमणी उंच धरून ती वासा न् वासा बघायची आणि मगच अंथरुणं घालू द्यायची. कापडाने सगळं झाकलंस तर वर काय हाय ते दिसायचं कसं, असं ती मला सारखी विचारायची. मी कसली ऐकतेय! शेवटी छत लोंबतं म्हणून तिनेच त्याला भाताच्या पेजेची खळ दिली, लुगड्याला देतात तशी. बांधायचंच तर नीट बांध, म्हणाली. छत असं कडक बसलं की शेजारच्या बायका बघायला आल्या.

मुलगी झाली. बाळंतिणीची खोली म्हणजे दार लोटलेलं, बाजेखाली निखारे, वेखंडाची धुरी. पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, वारा लागतो. सोयर म्हणून पुरुषाने आत यायचं नाही. पाचवीचा दिवस तर सगळ्यात वाईट, त्या दिवशी पोराला क्षणभर डोळ्याआड करत नाहीत.

छतावर उंदीर खुडबुडायचे. ते खळ खायला येतात हे आम्हा दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. वकिलांच्या छताला कोण पेज पाजतंय! पाचवीच्या दुपारी ती खुडबुड एकदम थांबली. मला आधी बरं वाटलं. मग मी वर बघितलं. कापडाला वरून फुगवटा आला होता आणि तो सरकत होता. उंदीर पळतो, थांबतो, परत पळतो. हे थांबत नव्हतं. सावकाश, लांबच लांब सरकत ते बरोबर आमच्या बाजेवर आलं आणि तिथे गोळा होऊन बसलं.

आई कोपऱ्यात दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिला हाक मारायची तर आवाज फुटेना, म्हणून मी बाजेवर हात आपटला. तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ही आता किंचाळत बाहेर पळणार आणि मी एकटी उरणार, याचीच मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात वरची शिवण उसवायला लागली. माझाच धावदोरा, एकेक टाका सुटत होता. फट बरोबर पोरीच्या तोंडावर होती. पोरीला उचलायला हवं हे कळत होतं, पण मी नुसती ते सुटणारे टाके बघत राहिले.

आई बाजेवर चढली. हात वर करून तिने ती फट दोन्ही मुठींत गच्च आवळली. वरचं ओझं कापडाआडून तिच्या मनगटावर वळलेलं मी या डोळ्यांनी बघितलं. ती वर बघत नव्हती.

"पोरीला घे आनि भायेर जा."

"पाचवी नाय झाली," मी म्हटलं. अशा वेळी माणसाला काय सुचेल!

"जा गो."

मी कशी उठले ते मला आजही सांगता येणार नाही. उंबऱ्याला ठेच लागली, पण पोरीला सोडलं नाही. वडील पडवीत दोर वळत बसले होते. मला बाहेर बघताच कोयता घेऊन ते आत धावले, सोयरबियर काही मनात आणलं नाही. त्यांनी पलीकडच्या भिंतीकडचे छताचे बंद कापले. छत तिकडे कललं, ते ओझं घसरत कुडाला लागलं आणि कुडाच्या फटीतून मागच्या परड्यात गेलं. धामण होती, वडील म्हणाले. धामण चावून कोणी मरत नाही. खरं सांगत होते की आमची समजूत घालत होते, देव जाणे.

आई मात्र बाहेर येईना. मी दारातून डोकावले तर ती तशीच बाजेवर उभी, हात वर, मुठी मिटलेल्या. वडिलांनी तिचं एकेक बोट धरून सोडवलं.

तिन्हीसांजेला पाचवी पुजली. आईचे हात चालत नव्हते, हळद काकूने वाटली. सगळे पांगल्यावर मी आईला विचारलं, तू एवढी भ्यायचीस, मग हात सोडले कसे नाहीस?

"छत व्हतं म्हनून," ती म्हणाली. "मला ते दिसत नव्हतं. मी तुज्या पायांकडं बघत व्हते, उंबऱ्याभायेर कदी पडतात त्ये. दिसलं असतं ना गो, तर तुला टाकून मी पळाले असते."

मग चिमणी उंच धरून ती छत उतरवल्यावर उघडे पडलेले वासे बघायला लागली. चिमणी तिला पेलेना, तेव्हा मी बाजेवरून उठले आणि तिच्या हाताखाली माझा हात धरला.