चाळीस कोळंब्या, दोन आया

साऊ लुआला चिडलेली बघायची आम्हाला सवय होती. पावसावर, नवऱ्यावर, कालव्यातून भरधाव होडी नेणाऱ्यावर ती तोंड सोडायची आणि दुपारपर्यंत विसरून जायची. पण त्या वर्षीचा राग वेगळा होता. त्याला कारण आम्हीही होतो, मी तर शेजारीच.

का माउ प्रांताच्या टोकाला, आमच्या कालव्याकाठी तिची दोन तळी आणि लागून माझं एक. सगळं गाव कोळंबीवर जगणारं. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची कोळंबीची पिल्लं, पुरवायचा ताम क्वेन. त्याच्या पिशव्यांवर छापलेलं असायचं: 'निवडक वंश, रोगाला दाद न देणारा.' सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र.

त्या खेपेचं बीज सोडून सव्वीस दिवस झाले आणि साऊताईची कोळंबी काठाशी येऊन लोळायला लागली. रंग उडालेला, आतडं रिकामं. पहिल्याच दिवशी तिनं चाळीस उचलल्या आणि नवऱ्याच्या पहिल्या धारेच्या तांदळाच्या दारूच्या बरणीत बुडवल्या.

"अगं, सणाची आहे ती!" तिचा नवरा तोआन ओरडला.

"सण उरलाय कुठे? तुझ्या बापानं दारूत ठेवलेला साप वीस वर्षं टिकला. ही पण टिकेल. कुणीतरी बघायला हवं, कशानं मेली ते."

तीन दिवसांत तिची दोन्ही तळी संपली. मग माझं. मग पलीकडच्या अकरा घरांची.

क्वेननं सगळ्यांना गावच्या समितीच्या कचेरीत बोलावलं. बर्फाची कॉफी ढवळत म्हणाला, "बीज अस्सल होतं. पण बाईमाणसाच्या हाती तळं दिलं की असंच व्हायचं. साऊताई भांड्यांचं पाणी तळ्यात सोडते. तिथूनच पसरला रोग."

मग त्यानं कागद पुढे केला. दोष साऊताईच्या पाण्याचा, बीजाचा नाही, असं लिहून द्यायचं. बदल्यात पुढच्या खेपेचं बीज फुकट. अकरा घरांनी सह्या केल्या. मीही केली.

साऊताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊ, आपण दोघांनी चुना एकाच पोत्यातला टाकला. पाणी एकाच कालव्यातलं घेतलं. आणि माझंच पाणी घाण?"

मी चपला पायात सरकवायला लागलो.

"सही करताना हात बरा चालला. आता तोंड का चालत नाही?"

दुसऱ्या दिवशी ती बरणी मांडीवर घेऊन कान थो शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. तिथल्या मत्स्यसंस्थेच्या दारावर रखवालदारानं अडवलं. दारू घेऊन आत जाता येणार नाही म्हणाला. ती पायरीवरच बसली. जेवायच्या सुट्टीत बाहेर आलेल्या डॉक्टर ख्वेबाईंनी विचारलं, "मावशी, यात काय?"

"माझी मेलेली तळी."

ख्वेबाई कोळंबीचा जनुकसंच वाचायचं काम करत होत्या. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची कुळकथा लिहिलेली असते. त्या ती अक्षरन् अक्षर वाचत. कुठला वंश रोगात तगतो ते कळलं, तर औषधं न ओतता, तळी न नासवता कोळंबी वाढवता येईल, हे त्यांचं ध्येय. क्वेनच्या प्रमाणपत्रावर नाव होतं त्या अस्सल वंशाचं वाचनही त्यांच्याकडे होतं.

दोन महिन्यांनी त्या होडीनं आल्या आणि त्याच कचेरीत उभ्या राहिल्या. क्वेनही होता.

"या चाळीस कोळंब्यांचा त्या वंशाशी काहीएक संबंध नाही," त्या म्हणाल्या. "चाळिसांना मिळून आया दोनच. भावंडांची भावंडांशी वीण लावत नेलेलं हे बीज. प्रमाणपत्र खोटं आहे."

"म्हणजे यानंच मारली?" साऊताईनं विचारलं.

"मारली जंतूनं. अस्सल बीज वाचलंच असतं, असं मी म्हणू शकत नाही."

"इतकी लांब येऊन अर्धंच बोलता?"

"मला ठाऊक आहे तेवढंच बोलते, मावशी."

साऊताईनं दात आवळले, पण ते मान्य केलं. मग ती क्वेनकडे वळली.

"मीही फसलो, ताई," क्वेन म्हणाला. "मला वरून आलं तेच मी विकलं."

"फसलास, तेव्हा माझं नाव बरं सुचलं रे तुला!"

जिल्ह्याच्या लोकांनी त्याच्या टाक्यांना सील ठोकलं आणि गावासमोर माफी मागायला लावली. त्यानं कागद वाचला: "काही गैरसमज झाला असल्यास..."

"'असल्यास' काढ," साऊताई म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं. "आता भांड्यांच्या पाण्याचं बोल."

क्वेननं कागदाची घडी घातली. मग तो पुटपुटला, "साऊताईचं पाणी स्वच्छ होतं."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं बोलला. मीही उठलो आणि माझी सही खोटी होती असं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

पाच महिन्यांत त्याच टाक्या क्वेनच्या मेहुण्याच्या नावानं उघडल्या. साऊताई धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि तपासल्याशिवाय बीज उतरू देईना. आता येणाऱ्या प्रत्येक खेपेतलं चिमूटभर बीज आधी कान थोला जातं, ख्वेबाईंचं उत्तर येईपर्यंत पिशवी सुटत नाही. उशीर होतो म्हणून लोक कुरकुरतात, तिच्या तोंडावर मात्र कुणी बोलत नाही. मेहुण्याची पहिली होडी भरल्या पिशव्यांनिशी परत गेली.

यंदा तिच्या एका तळ्यातली कोळंबी नव्वदाव्या दिवशी पूर्ण वाढून निघाली. मी जाळं ओढायला गेलो होतो. गुडघाभर चिखलात उभी राहून ती ओरडत होती, "हळू रे मेल्यांनो! मिशा मोडतात!" माझ्या हातातलं टोक तिनं हिसकावलं आणि स्वतः ओढायला लागली.