व्हर्लिनची धूळ

ओहायोतल्या गावोगावच्या रंगमंचांवर मी उभी हयात राजे, खुनी आणि रागीट सासरे रंगवले. रंगपटातले कसबी हात पुष्कळ पाहिले. पण व्हर्लिन हॉस्टेटलरची सर एकालाही नव्हती, आणि तो तर नाटकातला माणूसच नव्हता. तो मका पिकवायचा आणि गाड्यांना धूळ लावायचा.

जुनी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची सुसाट गाडी, विकताना 'कोठारात विसरलेली सापडली' असं लिहिलं की गिऱ्हाईक खुळावतं. आमच्या गावचा दलाल ड्वाइट क्रल कुठून कुठून गाड्या आणून व्हर्लिनच्या कोठारात उभ्या करायचा. मग व्हर्लिन वाळकी माती आणि चिमूटभर पीठ चाळणीतून अलगद सोडायचा, आरशाला कोळ्याचं जाळं डकवायचा आणि बॉनेटवर मक्याचे दाणे टाकायचा. दाण्यांसाठी डोलोरेस नावाची तांबडी कोंबडी वर चढून ऐटीत बसायची. फोटो निघायचा. खाली ड्वाइटचे शब्द: 'एकच मालकीण, वृद्ध शिक्षिका. फक्त रविवारी चर्चला नेली. मूळ इंजिन. गंज नाही.'

मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायचो. व्हर्लिन लाजून टोपी काढायचा.

आणि त्याच कोठाराच्या मागच्या कोपऱ्यात, गवताच्या गठ्ठ्यांआड, एक गाडी खरोखरच विसरलेली होती. व्हर्लिनच्या बायकोची, ट्वायलाची. तिने लग्नाआधी कोरी घेतलेली, पिवळीधमक. आता ट्वायलाला डोळ्यांनी जेमतेम दिसत होतं, शेत विकलं गेलं होतं आणि दोघं मुलीच्या गावी राहायला जाणार होती. गाडी विकणं भाग होतं. ड्वाइट टपलेलाच होता.

"मला दे," तो व्हर्लिनला म्हणाला, "मोठं इंजिन बसवतो, काळे पट्टे मारतो, भारी मॉडेलचा बिल्ला लावतो. दुर्मीळ म्हणून जाईल."

"माझ्या गाडीला दुसरीचं नाव लावलंस तर याद राख," ट्वायला म्हणाली. "जशी आहे तशी घेणारा आण, व्हर्लिन. नाहीतर मी इथून हलत नाही."

व्हर्लिनने महिनाभर खपून गाडी चालती केली, पण वरची धूळ तशीच ठेवली. ती खरी होती ना! फोटो काढायला गेला तर डोलोरेस सवयीने बॉनेटवर हजर. इंटरनेटवर जाहिरात झळकली आणि लोकांनी खाली लिहिलं, 'आली बघा कोंबडी!' 'गेल्या वर्षी ही लाल गाडीवर होती.' एकजण आला, धुळीवर बोट फिरवून चाटलं आणि "पीठ कमी पडलंय, काका," म्हणून निघून गेला. व्हर्लिनचं तोंड पाहवेना.

शेवटी टोलेडोहून रेनाटा पुलास्की आली, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली धिप्पाड बाई. कोंबडी पाहताच खदखदून हसली. "अगं बाई, भेटलीस एकदाची!"

घाबरलेल्या व्हर्लिनच्या तोंडून पाठ झालेलंच बाहेर पडलं. "एकच मालकीण हो, बाई. फक्त रविवारी चर्चला..."

"चर्चला?" अंगणातल्या खुर्चीतून ट्वायला कडाडली. "कोण गेलं होतं चर्चला? शनिवारी नाचायला न्यायची मी ती! दारावरचा पोचा सासूच्या फाटकाचा आहे. फाटक मीच पाडलं. उजवं मडगार्ड दुसऱ्या गाडीचं आहे. खाली गंज आहे. मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता. आणि इंजिन सगळ्यांत लहान आहे, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून मला तेवढंच परवडलं!"

मी सावरायला तोंड उघडलं, पण शेजारी उभ्या व्हर्लिनने पायाने माझा पाय दाबला.

रेनाटाने बॉनेट उघडलं. एवढ्या मोठ्या पोकळीत ते इंजिन म्हणजे रिकाम्या रंगमंचावर एकच स्टूल.

"थापाच मारायच्या असत्या तर कुणी एवढंसं इंजिन ठेवलं नसतं," ती म्हणाली. "घेतली मी. काही बदलणार नाही, आजी. पोचासुद्धा ठेवते. पण काका, ही धूळ बाकी जमली नाही. फोटोतल्या त्या लाल गाडीवरची खूप खरी वाटत होती."

"ही खरी आहे!" व्हर्लिन कळवळला.

त्याला मी नंतर समजावलं, की मंचावर खरे अश्रूसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत.

रेनाटा निघाली. ट्वायला मान तिरकी करून आवाज ऐकत होती. वळणाआड तो विरला, तरी ती तशीच बसून राहिली. आणि थोड्या वेळाने आवाज पुन्हा जवळ येऊ लागला.

"परत करतेय की काय?" व्हर्लिन पांढराफटक पडला.

गाडी फाटकाशी थांबली. रेनाटाने खिडकीतून डोलोरेसला बाहेर काढलं. "मागच्या सीटवर बसली होती, महाराणी. तुमची तुम्हाला."

"पुन्हा एकदा ने गं," ट्वायला म्हणाली, "या बाजूने. हळू नको."

रेनाटाने गाडी अशी काही पिटाळली की मागे रस्ताभर पिवळट ढग उठला. व्हर्लिन डोळे बारीक करून त्या ढगाकडे बघत होता.

"खरंच?" त्याने मला हळूच विचारलं. "मी लावलेली जास्त चांगली होती?"