चौघांच्या टेबलावर पॅक

खोब्रागडेनं पत्ते वाटले. मी माझे दोन उचलले, एक्का आणि सत्ती पाहिली आणि "पॅक" म्हणून खाली ठेवले.

"पुन्हा पॅक? काहून करून राहिले असं?" खोब्रागडे वैतागला. "चिंचोके सरून राहिले न तुमचे!"

जेवणाच्या सुट्टीतला आमचा पोकर चिंचोक्यांवर चालायचा. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आमचं पाणीपुरवठ्याचं ऑफिसही नवं. शंकर नगरातलं एक भाड्याचं घर. हॉलमध्ये आमची टेबलं, स्वयंपाकघरात रेकॉर्ड. ज्या ओट्यावर कधीकाळी कुणाचा कुकर शिट्ट्या देत असेल, तिथं आमच्या फाइली. माणसं चार. साहेब, असिस्टंट इंजिनीअर म्हणून मी, नागपूरचा ड्राफ्ट्समन खोब्रागडे, आणि स्टोअर सांभाळून टायपिंगही करणारे साहूजी. खेळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून साहेबही आमच्यातच बसायचे.

मी मूळचा रायपूरच्याच तात्यापाऱ्यातला, पण नोकरीत मुरलो भोपाळात. तिथल्या टेबलावर आम्ही नऊ जण असायचो. पोकरमध्ये पत्ते बघायच्या आधीच पाळीपाळीनं दोघांना काहीतरी लावावं लागतं. त्याला ब्लाइंड म्हणतात. नऊ जणांत ती पाळी सावकाश येते. बाकीचे डाव फुकट बघायचे, राजाची जोडी आली की उतरायचं. चौघांत मात्र सरासरी दर दुसऱ्या डावाला ब्लाइंड. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलात की चिंचोके आपोआप संपतात. एक्का-सत्तीवरही खेळावं लागतं. हे मला कळत होतं, पण हात धजत नव्हता.

फाइलींचंही तेच. भोपाळात माझ्या वरच्या सात जणांच्या सह्या लागायच्या. आपण "आदेशार्थ सादर" लिहायचं आणि फाइल वर ढकलायची. कुणी ना कुणी निर्णय घ्यायचा. रायपुरातही मी तेच करत होतो. साहेब "चर्चा करा" लिहून फाइल परत पाठवायचे. मी "चर्चा झाली, आदेशार्थ सादर" लिहून पुन्हा त्यांच्याच टेबलावर ठेवायचो. टेबल चार पावलांवर होतं.

ठाकूर दीदींची फाइल अशा दोन फेऱ्या करून आली होती. दीदी मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका. बोअरचा पंप जळला होता. मुली तलावावरून बादल्या वाहत होत्या आणि दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

ती दुसऱ्यांदा परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब बस्तरकडे दौऱ्यावर गेले आणि दीदी पुन्हा आल्या.

"सर, दो लड़कियों के बाप लेने आ गए हैं," त्या म्हणाल्या. "आज घर गईं तो परीक्षा गई. फिर कोई वापस नहीं भेजता."

"साहब दौरे से आ जाएँ, तो..." मी म्हणालो.

दीदी खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

स्टोअरमध्ये पंप एकच होता, तोही एका मोठ्या बंगल्यासाठी राखून ठेवलेला. तातडीच्या वेळी प्रभारी अधिकाऱ्यानं सामान द्यावं आणि मंजुरी नंतर घ्यावी, असा नियम होता. त्या दिवशी प्रभारी मीच होतो.

"कोनाची वाट पाहून राहिले?" खोब्रागडे नकाशावरून मान वर न करता म्हणाला. "आज तुमच्या वर फक्त पंखा हाये."

मी साहूजींना विचारलं, "पंप दे सकते हैं?"

"हव," त्यांनी मान डोलावली. "आप दस्तखत कर दो."

मी सही केली. संध्याकाळी दीदींचा फोन आला. "पानी आ गया सर, दोनों के बाप लौट गए." मागं पोरींचा गलका ऐकू येत होता.

साहेब परतले. "बंगले का पंप किसने दिया?"

"मैंने, सर."

त्यांनी स्टोअरचं रजिस्टर उघडून माझी सही बघितली. मग म्हणाले, "शो-कॉज नोटिस तो देना पड़ेगा. ड्राफ्ट बनाओ."

दुसरं होतंच कोण? माझ्यावरची 'कारणे दाखवा' नोटीस मीच लिहिली. साहूजींनी टाइप केली, साहेबांनी सही केली, पोच मी दिली. उत्तरही माझंच. ते उत्तर समाधानकारक आहे की नाही, यावर टिपणी लिहायलाही फाइल माझ्याकडेच आली. समाधानकारक होतं. साहेबांनी खाली सही ठोकली आणि म्हणाले, "अब पत्ते बाँटो."

पुढं ऑफिस मोठ्या इमारतीत गेलं. माणसं वाढली, माझ्या वर पुन्हा पाच सह्या आल्या आणि पत्ते बंद झाले. साहेब आता नाहीत. साहूजी गावी गेले. त्या ओट्यावरच्या फाइलींची आणि चौघांच्या त्या टेबलाची मला फार आठवण येते.

खोब्रागडे मात्र दर रविवारी समता कॉलनीत माझ्याकडे येतो, चिंचोक्यांची पिशवी घेऊन. दोघांच्या टेबलावर ब्लाइंड प्रत्येक डावाला, दोघांनाही. पॅक करायची सोयच राहिलेली नाही.

परवा मला एक्का-सत्ती आली. खेळलो आणि हरलो.

माझे चिंचोके ओढून घेत खोब्रागडे म्हणाला, "हां, आता शिकले तुमी."